हात एकाचे, तोंड दुसऱ्याचे

माझी मेहुणी यंदा शाळेतून निवृत्त झाली. शाळेने तिच्यावर एक छोटी पुस्तिका काढायचे ठरवले आणि तिला ओळखणाऱ्यांकडून दोन-दोन पाने मागितली. मी सुतार माणूस. पेन्सिल कानावर ठेवायची, एवढाच माझा लिहिण्याशी संबंध. पण बायको म्हणाली, "माझ्या बहिणीबद्दल चार ओळी लिहायला हात दुखतात का तुमचे?" म्हणून बसलो आहे. चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

आमचे लग्न झाले तेव्हा ही मेहुणी नऊ वर्षांची होती. मी सासुरवाडीला एक फडताळ बसवायला गेलो होतो. ती माझ्या हत्यारांच्या पेटीपाशी येऊन बसली.

"भाऊजी, रंध्याला हात लावला तर काय होतं?"

"बोट जाईल."

"कसं जातं?"

मी फडताळात तोंड घालून काम करत राहिलो. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, कारण मेहुणीने कपडे धुवायच्या साबणाची आख्खी वडी रंध्यावर तासून तिचा कीस केला होता. बोट शाबूत होते. "साबणाचं पान कसं निघतं ते कळलं," असे तिने आईला सांगितले. मार बसायचा तो बसलाच.

आमच्या गावात कापडगिरणी आहे. गिरणीत काम करायला फार पूर्वी दुरून माणसे आली, ती गिरणीच्या वसाहतीत राहिली. त्यांची भाषा वेगळी. शाळा मात्र आमच्या भाषेची. मेहुणीचे माहेर वसाहतीला लागून, त्यामुळे ती लहानपणापासून दोन्ही भाषांत भांडू शकायची. मोठी झाल्यावर ती प्राथमिक शाळेत बाई झाली. पहिली दहा वर्षे तिनेही इतरांसारखेच शिकवले. फळ्यावर लिहायचे, मुलांनी उतरवून घ्यायचे. वसाहतीतली मुले मागच्या बाकांवर गप्प बसायची आणि त्यांच्या प्रगतिपुस्तकात "लक्ष नसते" असा शेरा पडायचा.

मग एक दिवस तिच्या टेबलाचा वरचा खण अडकला. हजेरीपट त्यात. तिने ओढला, शिपायाने ओढला, खण ढिम्म. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. सहा महिन्यांत तिने वर्गात एक शब्द उच्चारला नव्हता. तिने खालचा खण पूर्ण बाहेर काढून ठेवला, त्या पोकळीतून हात वर घातला, आडवी झालेली पट्टी सरळ केली आणि खण मोकळा केला. हे करताना ती सारखी स्वतःशी बोलत होती, तिच्या भाषेत. ही पट्टी इथे टेकली आहे, म्हणून ओढल्यावर आणखी घट्ट बसते, आधी मागे ढकलली पाहिजे, असे सगळे.

त्या संध्याकाळी मेहुणी आमच्याकडे आली ती चेहरा पाडून. "ताई, त्या पोरीला मी 'मंद' लिहिलंय गं. माझ्या हाताने." बायकोने चहा पुढे केला. तो तसाच निवला.

पुढच्या आठवड्यात तिने वर्गाला एक नियम घालून दिला. तो मुलांनी पाठ केला आणि पुढे गावानेही. हात एकाचे, तोंड दुसऱ्याचे. दोघांची जोडी, एक आमच्या भाषेतला, एक वसाहतीतला. काहीतरी बनवायचे. ज्याचे तोंड, त्याने वस्तूला हात लावायचा नाही. ज्याचे हात, त्याने स्वतः ठरवायचे नाही. आणि तोंडाने बोलायचे ते हातवाल्याच्या भाषेत. दुसऱ्या दिवशी उलटे. म्हणजे साधा कागदाचा डबा करायचा तरी समोरच्याची भाषा आल्यावाचून गत्यंतर नाही. स्वतः बाई मात्र ना हात, ना तोंड. ती पाठीमागे हात बांधून फिरायची आणि चूक दिसली तरी बोलायची नाही.

मी एकदा म्हणालो, "अगं, चूक दिसतेय तर सांगावी."

"मग ती माझी वस्तू होईल, भाऊजी. माझ्या घरात जागा नाही इतक्या वस्तूंना."

पालकांना हे पटले असे नाही. वह्या कोऱ्या दिसायच्या. आमच्या बाजूचे म्हणायचे, आमची मुले त्यांची भाषा शिकून काय करणार? वसाहतीतले म्हणायचे, आम्ही पोरांना तुमची भाषा शिकायला पाठवतो, सुतारकाम शिकायला नाही. (माझ्यासमोर म्हणायचे आणि मग "तुम्हाला नाही हं" असे जोडायचे.) तक्रारी वर गेल्या. वरून तपासणीचे साहेब येणार असे पत्र आले. मुख्याध्यापकांनी मेहुणीला खासगीत सांगितले, की वर्गाच्या भाषेप्रमाणे दोन तुकड्या करायचा आदेश टाइप होऊन तयार आहे, साहेबांनी वर्ग पाहून फक्त सही करायची आहे. वसाहतीतली मुले मागच्या इमारतीत जातील आणि हिला कार्यालयात बसवतील.

त्याच महिन्यात वर्ग कोंबड्यांचे खुराडे करत होता. शाळेशेजारच्या बेकरीवालीने चार कोंबड्या द्यायचे कबूल केले होते. करवत कशी धरायची ते दाखवायला मी दोन दिवस गेलो. सगळ्या गोष्टी मुलांनी मोजल्या होत्या. कोंबडी मोजली, पसरलेले पंख मोजले, फळ्या, जाळी, मुंगूस शिरेल एवढी फट, सगळे. मापे एका मुलाने वहीत दोन रकान्यांत लिहिली होती, डावीकडे एक भाषा, उजवीकडे दुसरी. या मुलाला वर्गात "कारकून" म्हणत. खुराडे खरोखर नेटके झाले. चार पाय, जाळीच्या भिंती, पुढे एक झडप, आणि वर उतरते छप्पर, चार स्क्रूंनी बसवलेले.

साहेब आले त्याच सकाळी खुराडे अंगणात न्यायचे ठरले होते. मीही मदतीला पेटी घेऊन गेलो होतो. "आज नको गं," मी म्हणालो. ती म्हणाली, "मुलांनी आजचा दिवस ठरवलाय. मी कोण?"

साहेब उंच, कडक इस्त्रीचा सदरा, काखेत कातडी पिशवी. आदेश त्या पिशवीत होता. ते वर्गात जाऊन फळ्यापाशी उभे राहिले. आठ मुलांनी खुराडे कलते करून, पाय पुढे ठेवून उचलले, उरलेली दोन्ही भाषांत ओरडू लागली. दारातून पाय बाहेर आले, जाळी बाहेर आली, आणि मग खट्ट असा आवाज होऊन सगळे थांबले. छप्पर आत, चौकटीच्या मागे अडकले होते. पुढे जाईना, मागेही येईना.

जगातली प्रत्येक गोष्ट मोजली होती. दार तेवढे मोजायचे राहिले होते. आणि पंचवीस वर्षे दारे-खिडक्या बसवणारा हा सुतार दोन दिवस त्याच दारातून ये-जा करून गेला होता. माझ्याही डोक्यात आले नव्हते.

वर्गाला दार एकच, खिडक्यांना गज. म्हणजे साहेब, कारकून आणि अर्धा वर्ग आत कोंडले गेले. बाहेर व्हरांड्यात मेहुणी, मी आणि बाकीची मुले.

"अहो बाई!" आतून साहेबांचा आवाज. "हे काय चाललंय? मला अकरा वाजता दुसऱ्या शाळेत पोचायचंय!"

"मुलं बघतायत, साहेब," मेहुणी म्हणाली. हात पाठीमागे.

मी तिच्या कानाशी लागलो. "चौकटीची एक पट्टी काढतो. दहा मिनिटांचं काम."

"भाऊजी, पेटीला हात लावलात तर ताईला सांगेन."

मुलांची वादावादी सुरू झाली. कोणी म्हणे पाय कापा. कोणी म्हणे भिंत फोडा. एकजण साहेबांना विचारत होता, तुम्ही डबा आणला आहे का? तेवढ्यात वसाहतीतली एक कुरळ्या केसांची मुलगी, सगळे तिला कुरळीच म्हणत, झडपेतून सरपटत सरळ खुराड्यात शिरली. छपराखाली बसून तिने वर पाहिले आणि स्वतःच्या भाषेत ओरडली, "छप्पर काढायचं! स्क्रू आहेत!"

पण स्क्रूंची डोकी छपरावरून, म्हणजे आतल्या बाजूला, आणि खुराडे तिरपे झाल्यामुळे त्यातले दोन पार चौकटीच्या वर गेलेले. आतल्या मुलांपैकी कोणाचा हात पोचेना. मग कारकुनाचा आवाज आला, अगदी कार्यालयीन. "साहेब, तुम्ही हात व्हा."

"काय व्हा?"

"हात. हा घ्या पेचकस. तोंड कुरळी आहे."

साहेबांनी घड्याळ पाहिले असावे. मग पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. त्यांनी आपल्या मताने वरच्या स्क्रूला पेचकस लावला आणि आतून पंधरा मुले एकदम किंचाळली, "हातांनी ठरवायचं नाही!"

खरी अडचण पुढेच होती. साहेबांना फक्त आमची भाषा येत होती. कुरळीला आमची भाषा समजायची, पण ती बोलायची ते एकेक शब्द, तेही जोडीदाराच्या कानात. मी मेहुणीकडे पाहिले. तिला दोन्ही भाषा येतात. एक वाक्य बोलली असती तर प्रश्न मिटला असता. ती समोर बघत उभी राहिली आणि तिने खालचा ओठ दातात धरला.

खुराड्यातून बारीक आवाज आला, आमच्या भाषेत. "आधी... खालचा. डावा नाही. दुसरा."

"हा?"

"हा. फिरवा. हळू. थांबा." जरा विचार. "आता वरचा नको. वरचा काढला तर छप्पर तुमच्या पायावर पडेल."

"मग?"

"मुलांनी धरायचं. सगळ्यांनी. मग वरचा. साहेब, तुम्ही घाई करता."

व्हरांड्यात हशा पिकला. आत साहेब म्हणाले, "बरं, नाही करत," आणि खरेच सावकाश फिरवू लागले. एकेक स्क्रू सुटत गेला. कुरळी आता वाक्यामागून वाक्य बोलत होती, दोन-तीनदा अडली, एकदा शब्द आठवेना तेव्हा "ते, ज्यात स्क्रू राहतो ते लाकूड" असे म्हणून पुढे गेली. छप्पर मुलांच्या हातांवर आले. खुराडे तिरके होऊन, कुरळीसकट, दारातून बाहेर पडले.

साहेब मागून आले. सदऱ्यावर भुसा, हातात पेचकस तसाच. ते मुलांच्या छोट्या स्टुलावर बसले, गुडघे हनुवटीला लागले.

"बाई, हे दारातून जाणार नाही, हे तुम्हाला कधी कळलं होतं?"

"कामाच्या तिसऱ्या दिवशी."

"आणि बोलला नाहीत? माझ्यासमोर शोभा होणार हे माहीत असून?"

"आज तेवढा बोलायचा मोह झाला, साहेब. पण आज बोलले असते तर ती बोलली नसती."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही तर सुतार. तुम्हीही गप्प राहिलात?"

"मला दिसलंच नव्हतं," मी खरे ते सांगितले. मुलांना हे इतके आवडले की नंतर महिनाभर मला रस्त्यात थांबवून विचारत, "आजोबा, दार मोजलं का?"

साहेबांनी कारकुनाची वही मागितली आणि दोन्ही रकाने शेवटपर्यंत पाहिले. एकही शब्द वाचता न येणारा रकानाही त्यांनी बोट फिरवत पाहिला. मग त्यांनी कुरळीला विचारले, यातले हे काय लिहिले आहे, ते काय लिहिले आहे. ती सांगत गेली. अकरा वाजून गेले. जाताना त्यांनी पिशवीतला आदेश बाहेर काढला, दोनदा दुमडला आणि खिशात घातला. सही केली नाही. "मला वेगळं लिहावं लागेल," एवढेच म्हणाले.

ते गेल्यावर मेहुणीने हात पुढे घेतले. बोटे एकमेकांत इतकी घट्ट रुतली होती की त्यांवर नखांचे वळ उठले होते. "भाऊजी, पेचकस हिसकावून घ्यावा असं वाटत होतं हो," ती म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

तीन आठवड्यांनी पत्र आले. वर्ग आहे तसा एकत्र चालू ठेवावा, बाईही त्याच वर्गावर राहतील. ते पत्र तिने स्वतः वाचून दाखवले नाही. कारकुनाने एका भाषेत वाचले, कुरळीने दुसऱ्या.

"म्हणजे पुढच्या वर्षी पण आपण एकत्र?" कुरळीने विचारले.

"हो."

"मग काय बनवायचं?"

एकाने होडी म्हटले, दुसरीने झोका म्हटले, तिसऱ्याला आणखी मोठे खुराडे हवे होते, आणि दोन्ही भाषांत जुंपली. मेहुणी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली आणि ऐकत राहिली.