दिवाकरकाकांची मटकी

नाशकात मिसळ कुठली खावी, यावर आमच्या शेजारचे दिवाकरकाका तासभर बोलू शकतात. कुणाचा रस्सा जहाल, कुणाची शेव सादळलेली, सगळं तोंडपाठ. पण त्या रश्श्याखालच्या मटकीला मोड आपोआप येत नाहीत, ते कुणीतरी आणावे लागतात, हे त्यांना पोस्टातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाल्यावर कळलं. पंचवटीत असे पुरुष पैशाला पासरी मिळतील. एक माझ्याही घरात आहे.

कळायला कारण झाल्या गोदावरीकाकू. गेल्या थंडीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि अन्नावरची वासनाच उडाली. दोन घास खायच्या आणि ताट बाजूला सारायच्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पोटात प्रोटीन गेलं नाही तर ताकद येणार नाही, आणि ताकद नसेल तर नवा गुडघा काय कामाचा?" लेक मृण्मयीने बंगलोरहून पावडरचे डबे पाठवले, काकूंनी त्यांना हातही लावला नाही. काका हवालदिल झाले. सारखे विचारायचे, "अगं, काय खावंसं वाटतंय ते तरी सांग." शेवटी काकू वैतागून म्हणाल्या, "मटकीची उसळ. घरी मोड आणलेली. बाजारातली मला आंबूस लागते."

काकूंना वाटलं, चला, कटकट मिटली. हा माणूस कसले मोड आणतोय! पण काका पिशवी घेऊन तडक किराणा दुकानात गेले.

पहिल्या खेपेला त्यांनी मटकी पातेलंभर पाण्यात घातली आणि तशीच ठेवली. पाण्याला फेस आला, घरभर वास सुटला, मोडाचा पत्ता नाही. मला बोलावून म्हणाले, "योगिनी, हा दुकानदार फसवतो बघ." मी म्हटलं, "काका, रात्रभर भिजवायची, मग उपसून फडक्यात बांधायची. तिला काय पोहायला शिकवायचंय?"

दुसऱ्या खेपेला बांधली, पण धीर कुणाला! जरा वेळ गेला की गाठ सोडून बघायचे. त्यात नाशिकची थंडी. दाणे फुगले आणि तसेच बसून राहिले. काकू पलंगावरून सगळं ऐकत होत्या. त्या दिवशीही त्यांनी वरणभात चिवडून ठेवला. काका माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "हिने एवढी एकच गोष्ट मागितली गं, आणि तीही मला जमत नाही." मी सांगितलं, "उबेला ठेवा आणि अजिबात बघू नका."

मग त्यांनी पुरचुंडी स्वतःच्या माकडटोपीत घातली, वर शाल गुंडाळली आणि गव्हाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. सकाळी जिन्यात उभं राहून लेकीला फोनवर ओरडून सांगत होते, "आले! मोड आले! चांगले मोठे, बाहेर आलेत!"

खालच्या मजल्यावर दिंडोरीचे खंडेराव राहतात. द्राक्षबागायतदार, जिवाला जीव देणारा माणूस. ते लगबगीने वर आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काका, लाजू नका. सुरगाण्याकडं एक बाबा हाय, पाल्याचं औषध देतो. लय गुण येतो. तोवर तिखट बंद, आणि बसताना मऊ उशी घ्या."

"मटकी खायला उशी कशाला?" काका म्हणाले.

खंडेरावांना मूळव्याधीचे मोड वाटले होते, हे ध्यानात आल्यावर मी हसून हसून जिन्यातच बसले. आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. ऑपरेशननंतर तो मी प्रथमच ऐकला.

दुपारी फोडणी मी सांगत गेले, ती घातली मात्र काकांनी. कांदा जरा जास्तच करपला. काकू पलंगावर बसून जेवायला लागल्या आणि काका हातात पळी घेऊन समोर उभे राहिले. एक घास गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला काकूंच्या दाताखाली 'कट्' असा आवाज झाला. काकांचा चेहरा पडला.

कितीही भिजवा, कितीही शिजवा, एखादा दाणा दगडच राहतो, त्याला आपण गणंग म्हणतो. काम ना धाम अशा माणसालाही म्हणतो. काकूंच्या उसळीत तो आला की काका ताटाच्या कडेला काढून ठेवायचे आणि एवढंच म्हणायचे, "गणंग!" बाकी जेवणाबद्दल अवाक्षर नाही. भिंतीपलीकडून मी कितीदा ऐकलंय. आज तो शब्द म्हणायची पाळी काकूंची होती, आणि खरं सांगते, त्यांनी ती सोडू नये असं मला मनापासून वाटत होतं.

काकांनी पळी खाली ठेवली आणि काकूंच्या तोंडापुढे तळहात धरला. "काढ इथे. दात दुखावला का गं? मी नीट निवडायला हवी होती."

काकूंनी दाणा त्यांच्या तळहातावर ठेवला. एकदा नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्याकडे वळल्या. डोळे भरले होते, ओठांवर मात्र हसू होतं.

"योगिनी," त्या म्हणाल्या, "आमच्या घरातला मोठा गणंग भिजला बाई एकदाचा."

आणि ताट पुढे करून म्हणाल्या, "वाढा अजून."