इंजेक्शन अजून कवापर्यंत
स्पिरिटच्या बोळ्याचा वास आला की मला परतवाड्याजवळचं आमचं वावर आणि माझ्यावर करवादलेला मोठा भाऊ आठवतो. त्या वर्षी कापूस हातचा गेला होता, विहिरीनं तळ गाठला होता, आणि मला अमरावतीत टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू झालं होतं, कारण माझ्या अंगात ते पुरेसं बनतच नव्हतं. डॉक्टरांनी नीट समजावलं की उत्साह आणि इच्छा महिनाभरात जाग्या होतील, ताकदीला तीन-चार महिने लागतील, दाढीला त्याहून जास्त, आणि अधूनमधून रक्त तपासावं लागेल. शेजारी बसून हे सगळं ऐकलेल्या भावानं मला त्याच हप्त्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायला नेलं. माझा हात घसरला की म्हणायचा, "इंजेक्शन घेतलं ना, मंग जोर काहून नाई लावून राहिला?" त्याच्या लेखी इंजेक्शन म्हणजे युरिया होता. पुढे खरंच अंग भरलं, हनुवटीवर केस आले, तर हा म्हणे, "पीक उभं झालं, आता खत कायले?" आणि त्यानं माझं अमरावतीला जाणंच बंद केलं. काही दिवसांनी मी पुन्हा भरदुपारी बांधावर आडवा होऊ लागलो. त्यावरही तो बोलला, तेव्हा वैतागून मी पाण्यावाचून वाळलेल्या आमच्या संत्र्याच्या झाडांकडे हात केला. "दादा, मी पऱ्हाटी नाई. त्या झाडासारखं समज मले. पाणी तोडलं का वाळतो." दुसऱ्या दिवशी त्यानंच मला अमरावतीच्या एसटीत बसवलं. आज ती दाढी पिकली आहे, इंजेक्शन चालूच आहे, आणि मी अमरावतीहून परतलो की ओट्यावरून तो अजूनही विचारतो, "अजून कवापर्यंत?"