सात नंबरची पिशवी

साठी आली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. कारण एके काळी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला थोरली असायची. नात्यागोत्याच्या नव्हत्या, पण लोक त्यांना सख्ख्या जावाच समजत.

विमानतळ लष्कराचा होता तेव्हा दोघी पॅराशूटच्या घड्या घालायच्या. पॅराशूटला त्या छत्री म्हणत. घडी सरकू नये म्हणून वर शिशाचे छर्रे भरलेल्या छोट्या पिशव्या ठेवायच्या. बारा पिशव्या, प्रत्येकीवर थोरलीने घातलेला नंबर. पिशव्या मोजून काढायच्या, छत्री बांधायची, कार्डावर दोघींनी सही करायची. एखादी आत राहिली तर छत्री उघडायची नाही.

"नीट ओढ गं, नवऱ्याचा सदरा नाही हा," थोरली म्हणायची.

"त्याच्या सदऱ्याला मी हातही लावत नाही. त्याचा तो घालतो घडी."

"नशीब काढलंस, बाई!"

अशी बावीस वर्षं गेली. मग एका सकाळी छत्री न्यायला आलेली जीप दारात उभी राहून हॉर्न वाजवत होती. थोरली न मोजताच "बारा" म्हणाली. धाकटीनेही सही ठोकली. दुपारी भोंगा वाजला. सकाळची छत्री नेलेलं विमान पडलं होतं, वैमानिक वाचला नव्हता. संध्याकाळी पिशव्या पेटीत भरताना अकराच निघाल्या. सात नंबर नव्हती.

दोघींनी टेबलाखाली पाहिलं, केराची टोपली उलटी केली. पिशवी नाहीच. दुसऱ्या दिवशी थोरलीने घरून नवी पिशवी शिवून आणली, तिच्यावर सात घातला आणि पेटीत ठेवली. जळालेल्या विमानात तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं. छत्री उघडायला विमान फार खाली होतं, कुणाची चूक नाही, असं चौकशीत ठरलं. दोघींच्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलंच.

थोरलीने नोकरी सोडली. पुढे विमानतळच बंद झाला. धावपट्टीवर आता लोक ट्रक चालवायला शिकतात. विमानांच्या शेडमध्ये फ्रीज आणि कपाटं रचलेली असतात. घड्यांच्या खोलीत दवाखान्यांच्या चादरी शिवतात. धाकटी तिथेच, त्याच टेबलावर कामाला लागली. दर रविवारी ती थोरलीकडे जायची. जगाच्या गप्पा व्हायच्या. सातचा विषय कधी निघाला नाही.

तीन आठवड्यांपूर्वी थोरली गेली.

काल मालकाने सुताराला बोलावलं. नव्या मशिनींसाठी टेबल आखूड करायचं होतं. त्याने कडेची फळी उचकटली.

"मावशी, तुमच्या टेबलाच्या पोटात खजिना निघाला बघा!"

फळी आणि चौकटीच्या मधल्या फटीत पिशवी अडकलेली. धूळ पुसली तर वर सात. थोरलीचं अक्षर.

"काय आहे यात? वाळू?"

"शिसं."

"कामाचं आहे का?"

"होतं," धाकटी म्हणाली आणि स्टुलावर बसली.

आज ती थोरलीच्या घरी गेली. थोरलीचे यजमान, तिचे भावोजी, पलंगावर चादरीची घडी घालत होते. घडी वेडीवाकडी होत होती.

"बसा. ती कधी घडी घालायची नाही, माहीत आहे ना? वीस वर्षं मीच घालतोय, तरी जमत नाही."

धाकटीने पिशवी त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. हॉर्न, न मोजलेले बारा, खोटा सात, टेबलातली फट.

"झोपेत मोजायची," भावोजी म्हणाले. "अकरापर्यंत. पुढे काय गं, विचारलं तर कूस बदलायची." त्यांनी पिशवी हातावर तोलली. "म्हणजे तो पोरगा हिच्यामुळे नाही गेला?"

"नाही, भावोजी."

"कधी सापडली म्हणालात?"

"काल."

त्यांनी मान हलवली. चादरीचं एक टोक धाकटीकडे दिलं, दुसरं स्वतः धरलं. दोघांनी घडी घातली. मग त्यांनी पिशवी घडीवर ठेवली, आणि तिथेच राहू दिली.