काकूंची मोजायची वाटी

"वाटी कोन्ची, ते सांग आधी," असं म्हणून काकू हात पुढे करायच्या. समोरची बाई नुसतं "दोन वाट्या मैदा घेतला" म्हणाली, की त्यांना ते पुरायचं नाही. त्यांच्या लेखी जगात मोजायची वाटी एकच होती: त्यांची, जाड पितळी, कल्हई केलेली.

सौंसरला त्या आमच्या शेजारी राहायच्या. दिवाळीच्या आधी गल्लीतल्या बायका नानखटाईचं पीठ घरी मळून बस स्टँडजवळच्या भट्टीत भाजून आणत. भट्टीवाला प्रमाण सांगायचा किलोत, आणि तराजू कुणाच्याच घरी नव्हता. मग ती वाटी घरोघरी फिरायची. सोबत काकूंचा पाठही यायचा. "मैदा दोन वाट्या म्हंजे पाव किलो. रवा दीडच. साखर सव्वा. वाटी तेच, पन वजन तेच नाही, समजलं?" नाही म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. तुमच्याही पाहण्यात अशी एखादी बाई असेल, जिला एकच वेड असतं आणि त्या वेडावर अख्ख्या गल्लीची दिवाळी निभते.

काकांवर मात्र या शिकवणीचा काडीचा परिणाम नव्हता. त्यांची संत्र्याची लहानशी बाग होती. पाठातलं पहिलं वाक्य तेवढं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. "वाटी ते वाटी. मैदा काय अन् साखर काय," असं ते मला डोळा मारून म्हणायचे, आणि काकू खरोखर चिडायच्या.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची दिवाळी असेल. संत्र्यावर कीड पडली होती. काकांनी फवारायची पांढरी पावडर आणली. टाकीला पाव किलो घाला, असं दुकानदाराने सांगितलं होतं. सकाळी काकू नळावर असताना त्यांनी फडताळातून वाटी उचलली आणि बागेत नेली. दुपारी परत आणून, विसळून, होती तिथे ठेवली. काकूंना पत्ताच नाही. थोड्या वेळाने आई वाटी मागायला गेली, मीही सोबत होतो. काका ओट्यावर घाम पुसत बसले होते. "ऊन लय लागून राहिलं," म्हणाले. ऊन कुठलं, आभाळ भरून आलं होतं. 

आईने घरी येऊन परातीत मैदा, साखर, तूप सगळं त्या वाटीने मोजून घेतलं आणि मळायला बसली. तेवढ्यात भिंतीपलीकडून ओकाऱ्यांचा आवाज आला. मग काकूंचा, "किती टाकली? कायनं मोजली?" काकांचं उत्तर अगदी बारीक होतं, तरी ऐकू आलं.

"तुह्या वाटीनंच. दोन. तूच तं सांगते."

पावडर साखरेपेक्षाही जड होती. पाव किलोच्या जागी दुप्पट पडली, आणि ती त्यांनी उघड्या हाताने ढवळली होती.

माणसं जीप आणायला धावली. काकू मात्र आमच्या दारात आल्या. "हात नको लावू कोनी!" असं ओरडत त्यांनी परात उचलून मागच्या खड्ड्यात उपडी केली. आईचे हात धरले आणि कोपरापर्यंत साबणाने धुतले, पुन्हा धुतले. बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता.

"वहिनी, जा न आता! त्यांच्याजवळ जा!" आई रडत होती.

"लेकरांनी चाखलं काय? आधी ते सांग."

आई नाही म्हणाली. तरी काकूंनी आम्हा भावंडांची तोंडं उघडून पाहिली, मगच गेल्या.

नागपूरच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच काका गेले. आमच्या दारात गेलेला तो वेळ त्यांना मिळाला असता तर, हे आई आयुष्यात कधी मोठ्याने बोलली नाही. मला मात्र त्या विचाराची अजून भीती वाटते.

काकू पुन्हा सौंसरला राहिल्या नाहीत. सामान न्यायला तिगावहून त्यांचा भाऊ आला. आईने विचारलं, "कशा आहेत वहिनी?"

तो बैलगाडीवरची दोरी आवळत राहिला.

"सैपाक करते अक्का. पन काहीच मोजत नाही. भाजीत मीठबी नाही टाकत. आपआपलं वरून घ्या म्हनते."