रिकामा ठेवला तरी चालणारा रकाना

माझा स्वभाव तेव्हाही तापटच, आणि अक्कल बेताची. नाहीतर जिथं नाव लिहिलं नाही तरी चालतं, तिथं कोण शहाणं नाव लिहितं?

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. भिलाईतल्या एका छोट्या वर्कशॉपच्या ऑफिसात आम्ही तिघी कम्प्युटरवर नोंदी करायचो. मी, भंडाऱ्याकडच्या एक मावशी आणि एक तेलुगू मुलगी. कोणत्या मशीनला कोणत्या मापाचा बोल्ट, हे मिस्त्री चिठ्ठीवर लिहून देत आणि आम्ही ते फाइलमध्ये चढवायचो. एकदा प्रोग्रामर सर पद्मनाभपूरहून स्कूटरवर आले आणि प्रत्येक नोंदीला एक नवा रकाना जोडून गेले. नोंद कोणी केली, त्याचा. नावाची फक्त तीन अक्षरं मावतील एवढा. "सक्तीचा केला तर जुन्या नोंदी दुरुस्त करताना अडतील," ते म्हणाले. "म्हणून ज्याला टाकायचं त्यानं टाका."

मावशींनी मला तिथंच टोकलं. "नाव कायले टाकून राहिली वं? उद्या काही झालं का पहिले तुलेच धरतीन."

मी ऐकते कसली! आपलं नाव कम्प्युटरात दिसतं याचंच मला कोण कौतुक. रुआबांध्याला घरी जाऊन आईलासुद्धा सांगून झालं.

दोन महिन्यांनी एका मशीनसाठी काडीसारखे बारीक बोल्ट येऊन पडले. आमचे मिस्त्री माप सुतात सांगायचे, आठ सूत म्हणजे एक इंच. फाइलला मात्र मिलिमीटर लागत. 'चार सूत' लिहिलेल्या चिठ्ठीवरचा चार मी जसाच्या तसा ठोकून दिला होता. मशीन दिवसभर बंद. मालकांनी फाइल छापून काढली, तर अशा सहा चुका निघाल्या. पाचांपुढे रकाना कोरा. एकीपुढे माझी तीन अक्षरं.

"बाकी भी इसी का काम होगा," मालक म्हणाले. "तीन बजे तक जवाब दो, नहीं तो कल से मत आना।"

बाबा रिटायर व्हायला आले होते, कंपनीचं क्वार्टर सोडायचं होतं, घरात दुसरं कमावतं कोणी नव्हतं. मी रडले नाही, भडकले. "त्या पाच माझ्या नाहीत!" म्हणून मावशींवरच ओरडले. जेवणाचा डबा बाजूला सारून त्यांनी तारेत ओवलेल्या जुन्या चिठ्ठ्या काढल्या. नोंद झाली की प्रत्येकीनं चिठ्ठीवर आपली खूण करायची, अशी आमची रीत. माझा गोल, तेलुगू मुलीची फुली, मावशींची लांब शेपटीची टिक. त्या सहापैकी तीन चिठ्ठ्यांवर लांब शेपटी होती.

मावशी खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी त्या तिन्ही नोंदींपुढे आपली अक्षरं टाकली. त्या उठल्यावर तेलुगू मुलगी गुपचूप येऊन बसली आणि तिनं आपल्या दोन भरल्या.

"मावशी, तुमची नोकरी जाईल!" मी म्हटलं. नवरा गेल्यापासून दोन लेकरं त्या याच नोकरीवर वाढवत होत्या.

"चूप बस वं. डोकं नको खाऊ."

तीन वाजता नवा छापलेला कागद त्यांनीच मालकांपुढे ठेवला. "साहब, गलती तीनों की है। नाम लिखने की हिम्मत बस इसने की थी।"

मालकांनी सहाही नोंदींपुढची अक्षरं बोटानं मोजली. मग त्यांनी सरांना फोन लावला, सूत की मिलिमीटर असा आणखी एक रकाना जोडा, आणि तो सक्तीचा करा. आम्हाला हातानंच कामाला लागा म्हणाले.

हिम्मत कसली डोंबलाची! मला नुसती नाव दिसायची हौस होती, आणि मावशींना ते पक्कं ठाऊक होतं. पुढं त्याच नोकरीच्या जोरावर आम्ही स्मृती नगरात भाड्यानं दोन खोल्या घेतल्या, बाबांचं म्हातारपण तिथं सुखानं गेलं. मावशींचे उपकार मी या जन्मी फेडू शकणार नाही. त्या दिवशी मात्र तोंडातून साधं थँक्यूही फुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले तर मावशी आधीच बसल्या होत्या. सकाळपासूनच्या प्रत्येक नोंदीपुढे त्यांची तीन अक्षरं होती. मी मागं उभी राहून बघत होते.

"काय पाहून राहिली?" त्या वळून न बघताच म्हणाल्या. "बस तिकडं, काम कर."