तळ्यात न गेलेली माती

बाळांनो, समोरच्या गच्चीत एक लहान मुलगी मातीचं काहीतरी करतेय, मोडतेय, पुन्हा करतेय. तिला बघून माझा राग पुन्हा उसळला.

आमच्या कलाशिबिरात शेवटच्या संध्याकाळी सगळेजण आपापलं मातीकाम तळ्यात सोडायचो. घरी काहीच न्यायचं नसे, म्हणून वेडंवाकडं करायची भीतीही नसे. यंदा नवे संचालक म्हणाले, "आजी, विरघळवायचं कशाला? भट्टीत भाजू, प्रदर्शन मांडू. पहिल्या तिघांना बक्षीस!"

दुसऱ्या दिवशी माझी जुनी मैत्रीण कुमुद आपला हत्ती ओल्या फडक्याखाली झाकून बसली. मला सोंडसुद्धा दाखवेना. "तू बघशील आणि तसाच करशील," म्हणाली. कुमुद! माझ्या ताटातलं लोणचं न विचारता उचलणारी!

मी हात धुतले, हत्यारं पुसून जागेवर ठेवली. संचालकांना म्हटलं, "यापुढे शिबिरात मला धरू नका."

"रागावलात होय?" ते हसले.

हो, रागावले. वर्षभरात तेवढेच दिवस मला वेडंवाकडं काम करायची मुभा होती. तीही यांनी स्पर्धेपायी काढून घेतली.

तुमची चित्रं फोनवर दाखवत राहा. कितवा नंबर आला, ते मात्र मला सांगू नका.