उन्हातला ओला गोफणगुंडा

आधीच सांगतो, मी दहा वर्षांपासून हायस्कूलला सायन्स शिकवतो. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात अंगारा नाही, उतारा नाही, लिंबू फक्त वरणावर पिळायला. इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसायला वाचत आलो, खोटं कशाला बोलू? आणि आज स्वतःच लिहायला बसलोय… ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसा, पण पूर्ण वाचून हसा.

गोष्ट भोकरदन तालुक्यातल्या धावड्याची आहे. शेवंताआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण, तिथे राहायची. मी चार वर्षांचा असताना आई गेली आणि आत्यानं मला धावड्याला नेऊन स्वतःच्या बबनसोबत वाढवलं. बबन माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आत्याचं प्रेमही दणक्याचं होतं. पाढे चुकले की फोकानं पोटऱ्या फोडायची, मग त्याच पोटऱ्यांना तेल लावत स्वतःच रडत बसायची.

ज्वारी हुरड्यात आली की ती वावरातल्या माळ्यावर उभी राहून पाखरांवर गोफण फिरवायची. दगड वापरायची नाही, वावरात दगड साठतात म्हणून. काळ्या मातीत भुसा कालवून लिंबाएवढे गुंडे वळायची. एकदा रस्त्यानं जाणाऱ्या एका माणसानं मला जातीवरून शिवी घातली, तर हिनं माळ्यावरूनच त्याच्या सायकलचा दिवा फोडला. तो तोंडावर आपटला, कपाळातून रक्त आलं. आत्या वरून ओरडली, "पुन्यांदा बोल, दुसरा दिवा फोडते!" सायकलला दुसरा दिवा नव्हताच. तो माणूस मात्र पुन्हा बोलला नाही.

जन्मभर मिश्री लावली तिनं. मागच्या वर्षाच्या सुरुवातीला तोंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, रेडिएशन पूर्ण केलं तर आशा आहे. मी संभाजीनगरला खोली घेतली, रजा टाकली, तिला रोज दवाखान्यात नेत होतो. गालाची कातडी काळी पडली, तोंड आतून सोलून निघालं, पाण्याचा घोट घेतानाही ती माझा दंड नखं रुतेपर्यंत धरायची. उपचार अर्ध्यावर असताना मला बोर्डाच्या परीक्षेच्या ड्यूटीसाठी आठ दिवस जालन्याला यावं लागलं. तेवढ्यात बबन "दोन दिवस घरी नेतो" म्हणून तिला धावड्याला घेऊन गेला. ती दवाखान्यात परत आलीच नाही. फोनवर म्हणायची, "आता न्हाई सोसत, संघा." मी गेलो तेव्हा गालावर, जबड्याखाली आणि मानेवर तीन चट्टे पिकलेले होते. मला वाटलं, रेडिएशनचेच आहेत. भीमजयंतीला चार दिवस असताना ती गेली. बबननं तिची गोफण तिच्यासोबत सरणावर ठेवली. ती जळताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

आता मूळ प्रसंग. यंदाच्या फेब्रुवारीत मी धावड्याला गेलो होतो. दुपारचा एक वाजला असेल. ज्वारी काढून झाली होती, पेंढ्या आडव्या पडल्या होत्या. बांधावर एकच बाभूळ, तीही बबननं कुंपणाच्या काट्यांसाठी छाटून बोडकी केलेली. कुऱ्हाड तिथेच पडली होती. बाकी चारी बाजूंना उघडं रान… माणूस सोडा, कुत्रंही नव्हतं. आम्ही दोघं पेंढ्यांवर बसून भाकरी खात होतो. आत्याचा विषय निघाला आणि बबन भाकरी मोडता मोडता म्हणाला,

"एक डाग कमी पडला रे. भगतानं चार सांगितल्ते. चौथ्याला मायनं त्याचा हातच धरला. चौथा बसला असता तर वाचली असती."

मला आधी कळेचना. "कसले डाग?"

"इळा लाल करून देत्यात ते." त्यानं स्वतःच्या गालावर बोट ठेवलं, मग जबड्याखाली, मग मानेवर. "तुझ्या दवाखान्यातबी चामडी जाळूच राह्यले व्हते ना? त्यायच्यानं गुण येईना, मंग म्या तिकडं नेलं. आपल्या तांबड्या गायीला आल्ता की बराबर गुण."

गायीला! तोंड आतून सोललेल्या बाईला यानं तापलेला विळा लावू दिला होता, आणि आता चौथ्या डागाची हळहळ करत होता.

मी त्याच्या तोंडावर बुक्की घातली. घास आणि रक्त एकदमच बाहेर आलं. त्यानं बाभळीची फांदी ओढून माझ्या चेहऱ्यावर फटकावली. काटा भुवईपासून कानापर्यंत फाडत गेला. मग आम्ही ढेकळांत लोळलो, चावलो, ओरबाडलं. मी त्याच्या छातीवर बसून त्याचं डोकं बांधाच्या दगडावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. प्रत्येक वेळी माझ्या तोंडून तोच शब्द निघत होता… "डाग! डाग! डाग!"

"तिलाच न्हाई सोसलं!" तो खालून ओरडला. "तीच म्हनली, घरी ने आन् संघाला सांगू नको! रातभर केकटायची, तू व्हता का तिथं? बोल ना, व्हता का?"

मी नव्हतो. ते खरं होतं, म्हणूनच मी उठलो आणि कुऱ्हाड उचलली. दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेली. बबन उताणा पडला होता. त्यानं नुसता एक तळवा पुढे केला.

तेवढ्यात 'सट्ट' आवाज झाला. गोफणीची दोरी सुटताना होतो तोच. तो आवाज ऐकतच मी वाढलोय, त्यात माझी चूक होणार नाही. त्याच क्षणी उजव्या मनगटावर असा तडाखा बसला की कुऱ्हाड सुटून मागे पडली आणि मी गुडघ्यांवर आलो. बबन उठला. त्याला तो आवाज ऐकूच आला नसावा. त्यानं कुऱ्हाड उचलली, माझ्या मानेच्या रोखानं फिरवली… आणि पुन्हा 'सट्ट'. त्याच्या कानातून रक्त उडालं. कुऱ्हाड माझ्या खांद्याला घासून मातीत रुतली.

माळा जिथे असायचा तिकडे आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

बबन रांगत गेला आणि ढेकळांतून काहीतरी उचललं. दोन तुकडे झालेला मातीचा गुंडा. त्यात भुसा. त्यानं तो माझ्या तळहातावर ठेवला. "संघा… वल्ला हाय रे हा."

ओलाच होता. माझ्या हाताला चिखल लागला. "माय वं!" करून बबननं ढेकळांत तोंड खुपसलं. मीही रडलो, आत्या गेली त्या दिवशी रडलो नव्हतो इतका.

मनगटाचं हाड चिरलं होतं, एक्स-रे माझ्याकडे आहे. बबनच्या कानाला तीन टाके पडले. गावात आम्ही सांगितलं, मोटारसायकलवरून पडलो. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा जाऊन सगळं तपासलं. कुणाला लपता येईल अशी सगळ्यात जवळची जागा तीनशे पावलांवर आहे. त्या शिवारात आता कुणी गोफण चालवत नाही, पाखरांसाठी फटाके फोडतात. जुना गुंडा मातीत राहिला म्हणावं, तर तो पावसाळ्यात विरघळला असता. आणि ओला कसा? विहीर जानेवारीतच आटली होती. शाळेच्या मायक्रोस्कोपखाली धरून पाहिला… माती आणि भुसा. दुसरं काय दिसणार होतं म्हणा.

मायनंच वाचवलं, असं बबन मला अजून म्हणतो. मी त्याला माफ केलेलं नाही. पण त्याच्या घरी जातो, जेवतो, आणि तो तसं बोलला की खोडून काढत नाही. ते गुंडे कुठून आले, कुणी मारले, हे कुणी समजावलं तरी मला पटेल असं वाटत नाही. एक गोष्ट मात्र मी बबनलाही सांगितलेली नाही, ती इथे लिहितो. कुऱ्हाड मी धाक दाखवायला उचलली नव्हती. कुठे बसेल ते मी त्याच्या कपाळावर नीट बघून घेतलं होतं. माझे हात खाली यायला निघाले होते.